माउंटन बाइकसाठी नवा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक निवडताना

फोर्कवरच्या दोन भोकांमधलं अंतर ७४ मिलिमीटर आहे की ५१, हबवर रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, सहा बोल्टांनी बसतो की दातेरी खाचांवर, आणि सध्याच्या रोटरवर १६० छापलंय की १८०, एवढं कागदावर टिपून घेतल्याशिवाय नव्या ब्रेकच्या शोधाला लागू नये. ब्रेक कितीही नावाजलेला असला तरी तो बसणार की नाही हे सायकल ठरवते. म्हणून आधी सायकल मोजायची, मग स्वतःचं वजन आणि आपण उतरतो ते उतार बघायचे, मग तेल आणि सुटे भाग, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि खोकं उघडल्यावर त्यांचं घोडं अडतं.

जुना ब्रेक खरंच गेलाय का?

बदलायला काढलेले कितीतरी ब्रेक तासाभराच्या कामात सुधारण्यासारखे असतात. लिव्हर स्पंजसारखा लागतो आणि दोन-तीनदा पटापट दाबला की घट्ट होतो, तर आत हवा आहे. ब्लीडिंग करून हवा काढली की काम झालं. लिव्हर घट्ट आहे पण सायकल थांबत नाही आणि वर किंचाळते, तर पॅडला किंवा रोटरला तेल लागलंय. बहुधा साखळीवर मारलेला स्प्रे उडून तिथे पोचलेला असतो. अशा वेळी रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि पॅड नवे घालायचे. तेल प्यायलेले पॅड घासून-भाजून सुधारतील या आशेवर राहू नका. दोन दिवस बरे वाटतात आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. लिव्हर हँडलला टेकतोय पण पंप केल्यावर फरक पडत नाही, तर आधी पॅडची जाडी बघा. शिमानोच्या पॅडवरचा घासणारा थर ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे असतात.

खरी काळजीची लक्षणं वेगळी आहेत. लिव्हर दाबून धरला आणि तो हळूहळू हँडलकडे सरकत गेला, तर तेल कुठूनतरी निसटतंय: बाहेर, किंवा लिव्हरमधल्या पिस्टनच्या सीलच्या मागे. तपासण्यासाठी कॅलिपर (रोटरला पॅडने चिमटणारा भाग) आणि लिव्हर कोरडे पुसा, लिव्हर दाबून रबर बँडने हँडलला बांधा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी कॅलिपरखालच्या पांढऱ्या कागदावर डाग दिसला, किंवा पॅड काढल्यावर पिस्टनच्या कडेला ओल दिसली, तर सील गेलाय. इथे कंपनीकंपनीत फरक पडतो. शिमानोच्या कॅलिपरचे सील सुटे मिळत नाहीत, त्यामुळे गळका कॅलिपर अख्खा बदलावा लागतो. होप मात्र आपल्या ब्रेकचे सील, पिस्टन असे बहुतेक भाग सुटे विकते. फक्त कॅलिपर गेला असेल तर त्याच जातीचा सुटा कॅलिपर घेणं हा मार्ग आहे. लिव्हरही थकला असेल तर मात्र पूर्ण जोडी घ्या.

कॅलिपर बसणार कुठे?

आजच्या माउंटन बाइकवर सगळ्यात जास्त दिसतो तो पोस्ट माउंट. फोर्कवर किंवा मागच्या फ्रेमवर दोन जाड खुंट असतात, त्यांत एम६चे आटे असतात आणि बोल्ट सायकलच्या लांबीच्या दिशेने आत जातात. दोन बोल्टांमधलं अंतर ७४ मिलिमीटर. जुन्या फ्रेमवर आणि काही साध्या सायकलींवर आयएस माउंट असतो: दोन चपटे कान, त्यांना आरपार भोकं, आटे नाहीत, बोल्ट बाजूने म्हणजे चाकाच्या ॲक्सलला समांतर जातात आणि अंतर ५१ मिलिमीटर. तिसरा फ्लॅट माउंट, जो मुख्यतः रोड आणि ग्रॅव्हल सायकलींचा. पण हलक्या क्रॉस-कंट्री फ्रेमच्या मागे तो आता दिसू लागलाय. त्यावर पोस्ट माउंटचा कॅलिपर थेट बसत नाही, म्हणून मागे असा माउंट असेल तर निवड आपोआप मोजक्या मॉडेलांवर येते.

बाजारातले जवळजवळ सगळे माउंटन बाइकचे कॅलिपर पोस्ट माउंटचे असतात. आयएस फ्रेमवर ते अ‍ॅडॅप्टर लावून बसवतात. या अ‍ॅडॅप्टरच्या नावात सगळी माहिती दडलेली असते. शिमानोचं एसएम-एमए-एफ१८०पी/पी२ घ्या: एफ म्हणजे पुढचं, १८० हा रोटर, पहिला पी म्हणजे कॅलिपर पोस्टचा, दुसरा पी म्हणजे फोर्कही पोस्टचा. पी/एस असेल तर कॅलिपर पोस्टचा आणि फ्रेम आयएसची. अ‍ॅडॅप्टरवर नुसतंच ‘अधिक २०’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मूळ मापापेक्षा २० मिलिमीटर मोठा रोटर. आयएसच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा: पुढच्या आणि मागच्या कानांची जागा सारखी नसते, त्यामुळे पुढे १८० साठी चालणारं अ‍ॅडॅप्टर मागे १६० साठी चालतं. जुन्या डब्यातलं अ‍ॅडॅप्टर मागचं पुढे लावलं आणि पॅड रोटरच्या बाहेर लोंबकळले, तर कारण हेच.

पोस्ट माउंटला एक मूळ माप असतं. १६० च्या फोर्कवर १६० चा रोटर अ‍ॅडॅप्टरशिवाय बसतो, १८० साठी अ‍ॅडॅप्टर लागतं. पण मूळ माप १८० असेल तर १६० चा रोटर त्यावर बसवताच येत नाही, कारण खुंट खाली सरकत नाहीत. वरची मर्यादाही असते. प्रत्येक फोर्कची आणि फ्रेमची कंपनी जास्तीत जास्त किती मोठा रोटर चालेल हे सांगते आणि ती मर्यादा ओलांडायची नाही. रोटर मोठा झाला की फोर्कच्या खालच्या पायावर ब्रेकचा पीळ वाढतो. हलक्या, कमी ट्रॅव्हलच्या म्हणजे थोड्याच दबणाऱ्या फोर्कवर २०३ लावणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. मागे मोठा रोटर लावताना तो चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या खालच्या नळीला, घासत नाही ना, हे चाक फिरवून बघावं.

रोटर: माप, जाडी आणि बैठक

१४०, १६०, १८० ही मापं सगळीकडे सारखी. त्यापुढे वाटा फुटतात: स्रॅम २०० आणि २२० बनवते, शिमानो आणि मॅग्युरा २०३ बनवतात, टीआरपीकडे २०३ आणि २२३ मिळतात. २०० आणि २०३ मध्ये व्यासाचा फरक तीन मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येत दीडच. ‘दीड मिलिमीटरने काय होतंय’ असं म्हणून अनेक जण २०३ च्या अ‍ॅडॅप्टरवर २०० चा रोटर लावतात. मग पॅडची बाहेरची दीड मिलिमीटरची पट्टी रोटरला टेकतच नाही. बाकीचा पॅड झिजत जातो, ही पट्टी मात्र तशीच उंच राहते. काही महिन्यांनी दोन्ही पॅडच्या या कडा रोटरच्या बाहेरून एकमेकींना भिडतात. आता लिव्हर छान घट्ट लागतो, पण तो जोर रोटरवर नाही, पॅडवरच पडतोय. उलट केलं, म्हणजे २०० च्या अ‍ॅडॅप्टरवर २०३ चा रोटर लावला, तर रोटरची कड कॅलिपरच्या पोटाला घासू शकते. त्यासाठी दीड मिलिमीटरचे तयार स्पेसर मिळतात, किंवा सरळ योग्य मापाचं अ‍ॅडॅप्टर घ्यावं.

जाडीही बघायची. शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर असतो आणि १.५ वर आला की टाकून द्यायचा. ही शेवटची मर्यादा त्यावरच कोरलेली असते. स्रॅमचे एचएस२ आणि मॅग्युराचे रोटर २.० मिलिमीटरचे. टीआरपीच्या डाउनहिल ब्रेकसाठी २.३ मिलिमीटरचा जाड रोटर येतो. १.८ साठी बनवलेल्या कॅलिपरमध्ये २.३ चा रोटर घातला तर पिस्टनना मागे सरकायला जागा उरत नाही आणि ब्रेक कायम घासत राहतो. म्हणून जुना रोटर ठेवून नवा ब्रेक घेणार असाल तर आधी मायक्रोमीटरने जाडी मोजा. साध्या व्हर्नियरचा जबडा रोटरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतो आणि माप जास्त दाखवतो.

हबवरची बैठक दोन प्रकारची. सहा बोल्टांच्या हबला टी२५ टॉर्क्स लागतो. सेंटरलॉकच्या हबला बारीक दाते असतात, रोटर त्यावर सरकवून वरून लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळतात. सेंटरलॉक हबवर सहा बोल्टांचा रोटर अ‍ॅडॅप्टरने बसवता येतो; सहा बोल्टांच्या हबवर सेंटरलॉकचा रोटर बसवायची मात्र सोय नाही. लॉकरिंग घेताना ॲक्सल बघा: जाड ॲक्सलच्या हबवर बाहेरून आवळायचं लॉकरिंग लागतं, कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) टूलने आवळायचं चालत नाही.

जोर कशातून येतो आणि उष्णता कुठे जाते

चार पिस्टनचा ब्रेक दोन पिस्टनच्या दुप्पट जोराचा असतो, हा समज खोटा आहे. लिव्हरमधला पिस्टन लहान, कॅलिपरमधले पिस्टन मोठे, आणि या दोन्हींच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर हा हायड्रॉलिक ब्रेकचा मूळ गुणाकार. चार लहान पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ दोन मोठ्यांपेक्षा जास्त असेल तरच जोर वाढतो. साधारणपणे ते जास्त असतं, म्हणून चार पिस्टनचे ब्रेक जोरकस लागतात. पण गुणाकार वाढला की लिव्हरच्या तेवढ्याच दाबात पॅड कमी सरकतात. म्हणजे पॅड आणि रोटर यांच्यातली फट कमी ठेवावी लागते आणि थोडा वाकडा रोटरही लगेच घासू लागतो. पॅड लांब असल्याने मिळणारा फायदा मुख्यतः वेगळा आहे: उष्णता मोठ्या भागावर पसरते आणि पॅड जास्त टिकतो.

रोटर मोठा करणं हा जोर वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग. १६० वरून १८० वर गेलं की त्याच दाबात सुमारे १२ टक्के जास्त पकड मिळते, १८० वरून २०३ ला आणखी सुमारे १३ टक्के. कॅलिपर आणि लिव्हर ठीक असतील, फक्त जोर कमी वाटत असेल, तर पूर्ण ब्रेक बदलण्याआधी पुढे मोठा रोटर, अ‍ॅडॅप्टर आणि नवे पॅड लावून बघावेत. बऱ्याच वेळा एवढ्यावरच भागतं.

आता उष्णता. सायकल, स्वार आणि पाठीवरची पिशवी मिळून ९० किलो, आणि उतार ३०० मीटर उंचीचा, असं धरू. या उतारात सुटणारी ऊर्जा सुमारे २ लाख ६५ हजार ज्यूल होते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून जवळजवळ ८८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला एवढी ऊर्जा पुरते. वेगात उतरणाऱ्याची बरीचशी ऊर्जा हवेच्या विरोधात खर्च होते. हळू उतरणाऱ्याची मात्र जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. म्हणूनच ब्रेक दाबून ठेवून सावकाश उतरणाऱ्या नवख्या, वजनदार स्वाराला तरबेज हलक्या स्वारापेक्षा मोठा रोटर लागतो. दुकानात नेमका उलटा सल्ला मिळतो, की ‘तुम्ही नवीन आहात, तुम्हाला साधा ब्रेक पुरेल’. तो ऐकू नका.

आमचा अंदाज असा. सपाट आणि चढउताराच्या वाटा, उतार छोटे, स्वार हलका ते मध्यम: दोन पिस्टन, पुढे १८०, मागे १६०. डोंगरातले लांब उतार, किंवा स्वार आणि सायकल मिळून वजन ९०-९५ किलोच्या वर: पुढे चार पिस्टन आणि २०० किंवा २०३, मागे १८०. बॅटरीची माउंटन बाइक किंवा डाउनहिल: दोन्हीकडे चार पिस्टन, २०० च्या पुढचे जाड रोटर, अर्थात फोर्क आणि फ्रेमची परवानगी असेल तर. पुढचा रोटर मागच्यापेक्षा लहान कधीच ठेवू नये, कारण ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. पुढे चार आणि मागे दोन पिस्टन ही जोडी खर्चाच्या आणि वजनाच्या दृष्टीने फार शहाणी आहे, आणि शिमानोच्या डिओरमध्ये ती सहज जमते: चार पिस्टनचा एम६१२० आणि दोन पिस्टनचा एम६१०० हे दोन्ही कॅलिपर एकाच जातीच्या बीएल-एम६१०० लिव्हरवर चालतात, त्यामुळे दोन्ही हातांना लिव्हर सारखाच लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे लिव्हर आणि कॅलिपर जोडणं मात्र टाळा. पिस्टनांचं गुणोत्तर बिघडतं, लिव्हर एक तर दगडासारखा होतो नाहीतर हँडलला टेकतो, आणि तेलं वेगळी असली तर सीलच जातात.

पॅड

ऑरगॅनिक म्हणजे रेझिनचे पॅड शांत असतात आणि थंड असतानाही पहिल्या दाबात धरतात. चिखलात आणि ओल्या वाळूत मात्र ते साबणासारखे झिजतात, आणि खूप तापले की पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन पकड जाते. सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड ओल्यात आणि लांब उतारावर टिकतात, पण आवाज करतात, गरम होईपर्यंत जरा सुस्त असतात आणि पिस्टनपर्यंत जास्त उष्णता पोचवतात. पावसाळी वाटांसाठी आणि मोठ्या उतारांसाठी सिंटर्ड, बाकी ऑरगॅनिक.

एक अट मात्र पाळायची. शिमानोच्या आरटी१०, आरटी२६ यांसारख्या साध्या रोटरवर इंग्रजीत ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. त्यांचा धातू मऊ असतो. सिंटर्ड पॅड लावले तर ते रोटर भराभर खातात. आणि ब्रेक पसंत करण्याआधी त्याचे पॅड सहज मिळतात का हे बघा. प्रत्येक कॅलिपरच्या पॅडचा आकार ठरलेला असतो. देखणा पण दुर्मीळ ब्रेक पॅडअभावी महिनाभर खुंटीला टांगून ठेवायची वेळ येते.

तेल

ब्रेकची तेलं दोन घराण्यांची: मिनरल ऑइल आणि डॉट. शिमानो, मॅग्युरा, टेक्ट्रो आणि टीआरपी मिनरल ऑइल वापरतात. होप आणि हेजचा डोमिनियन डॉट वापरतात. स्रॅमबाबत जपून राहा: गाइड, जी२ आणि कोड हे डॉट ५.१ वर चालतात, तर डीबी८ आणि मेव्हन मिनरल ऑइलवर. म्हणजे कंपनीच्या नावावरून तेल ओळखायचं नाही, लिव्हरवर काय छापलंय ते वाचायचं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर सील फुगतात, पिस्टन अडकतो, लिव्हर दाबला की परत येत नाही. मग धुऊन-पुसून काही होत नाही. तेल ज्याला ज्याला लागलं ते सगळे सील गेले असंच समजायचं.

डॉट तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २६० अंश असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ओल्या तेलासाठीची किमान मर्यादा १८० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि लिव्हर रिकामा हँडलला टेकतो. म्हणून डॉटचा ब्रेक वर्षातून एकदा तरी नव्या तेलाने ब्लीड करायचा, आणि उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरायची नाही. डॉट ५ हे नाव ५.१ सारखं दिसतं, पण ते सिलिकॉनचं वेगळंच तेल आहे. ते या ब्रेकमध्ये घालायचं नाही. डॉट रंग खातं, तेव्हा फ्रेमवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

मिनरल ऑइल ओल शोषत नाही, रंगाला इजा करत नाही आणि घरी हाताळायला सोपं आहे. पण आत शिरलेलं पाणी त्यात विरघळत नसल्याने सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसतं. तिथेच ब्रेक सगळ्यात गरम होतो आणि पाणी १०० अंशांना उकळतं. त्यामुळे ‘मिनरलला देखभाल लागत नाही’ हे खरं नाही. शिवाय डॉटसारखं सगळ्यांना लागू असं मानक मिनरल ऑइलला नाही, म्हणून ज्या कंपनीचा ब्रेक त्याच कंपनीचं तेल घालावं. स्वतः ब्लीडिंग करायला नुकतेच शिकत असाल तर मिनरल ऑइलचा ब्रेक घ्या, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

लिव्हर आणि होज

कुठे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, कुठे डाव्या. तयार, तेल भरलेला ब्रेक मागवताना ‘पुढचा, उजवा लिव्हर’ असं दोन्ही सांगा, नाहीतर लांब होजचा (तेलाच्या नळीचा) लिव्हर नको त्या हाताला येतो. शिमानोचे लिव्हर उजवे-डावे वेगळे असतात. काही कंपन्यांचे लिव्हर उलटवून दोन्हीकडे बसतात. शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) लिव्हरच्याच क्लॅम्पवर बसवलेला असेल तर जोड जुळतो का ते बघा. शिमानोचा आय-स्पेक ईव्ही आणि जुना आय-स्पेक टू एकमेकांत बसत नाहीत, स्रॅमचा मॅचमेकर तिसराच. जमत नसेल तर शिफ्टरला वेगळा क्लॅम्प लावून टाकावा.

केबलच्या डिस्क ब्रेकवरून हायड्रॉलिकवर येणाऱ्यांची इथे हमखास फजिती होते. साध्या सायकलींवर शिमानो ईएफ५०० सारखं एकत्र युनिट असतं, ज्यात ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर एकाच शरीराचे. ब्रेकचा लिव्हर काढला की शिफ्टरही जातो, म्हणून तेवढ्याच गिअरचे सुटे शिफ्टरही घ्यावे लागतात.

होजची लांबी जुन्या होजवरून मोजा, पण तीन गोष्टी करून: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, मागे शॉक असेल तर हवा सोडून तो पूर्ण दाबा, आणि सायकल पडल्यावर हँडल गर्रकन फिरलं तरी होज ताणला जाणार नाही इतकी ढील ठेवा. लांब होज कापता येतो, आखूड वाढवता येत नाही. फ्रेमच्या आतून होज जात असेल तर तो लिव्हरपासून सोडवावाच लागतो, म्हणजे ब्लीडिंगचं सामान आधीच आणून ठेवायचं.

होज कापताना धारदार होज कटरनेच काटकोनात कापा. टोकात एक बारीक पोकळ खिळा ठोकतात, त्याच्या बाहेर पितळेचं छोटं कडं असतं, त्याला ऑलिव्ह म्हणतात. नट आवळला की ऑलिव्ह होजवर चिरडलं जातं आणि गळती थांबते. एकदा चिरडलेलं ऑलिव्ह परत तसं बसत नाही, म्हणून दर वेळी नवं ऑलिव्ह आणि नवा खिळा घ्या. शिमानोचे बीएच५९ आणि बीएच९० हे होज बाहेरून सारखे दिसतात, पण आतलं भोक वेगळं असल्याने खिळेही वेगळे. साधे एमटी२०० ब्रेक बीएच५९ वर येतात, डिओर एम६१०० बीएच९० वर. चुकीचा खिळा ठोकला तर होज फाटतो, किंवा जोरात ब्रेक मारल्यावर सुटून येतो. शिमानोचा हा नट ८ मिलिमीटरच्या पान्याने ५ ते ७ न्यूटन-मीटर आवळायचा.

बसवताना

नवे पॅड घालण्याआधी पिस्टन मागे ढकलायचे असतील तर प्लास्टिकचा टायर लिव्हर वापरा. स्क्रूड्रायव्हरने सिरॅमिक पिस्टनचा टवका उडतो आणि कॅलिपर वाया जातो. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. दाबायची शक्यता असेल तर पॅडमध्ये स्पेसर ठेवा. एक पिस्टन लवकर आणि दुसरा उशिरा येत असेल तर त्याची कड साफ करून त्याच ब्रेकच्या तेलाचा थेंब लावा आणि दोन-चारदा आत-बाहेर करा.

कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवा, चाक फिरवा, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. शिमानोसाठी आकडा ६ ते ८ न्यूटन-मीटर. एकच बोल्ट एकदम पूर्ण आवळला तर कॅलिपर त्याच्याबरोबर फिरतो आणि पॅड तिरपे बसतात. दरवेळी असंच होत असेल तर बोल्टच्या वॉशरखाली किंवा खुंटाच्या तोंडावर रंगाचा थर आहे का बघा. कॅलिपर सरळ टेकण्यासाठी ते तोंड सपाट करून घ्यावं लागतं. रोटरला उघड्या बोटांनी हात लावू नका.

आता पॅड जमवायचे, आणि नवा ब्रेक ‘दुबळा’ ठरतो तो बहुतेक वेळा हे न केल्यामुळे. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्या, एकच ब्रेक सारख्या दाबाने लावून चालण्याच्या वेगावर या, आणि पूर्ण न थांबता सोडा. असं वीसेक वेळा. मग जरा जास्त वेगावरून आणखी दहा वेळा. पुढचा आणि मागचा वेगवेगळा. चाक जाम होऊ द्यायचं नाही आणि मध्येच ब्रेक धरून उभं राहायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी टेकून राहिला की रोटरवर पॅडच्या आकाराचा डाग पडतो आणि नंतर प्रत्येक फेऱ्यात तिथे झटका बसतो. पॅडचा पातळ, सारखा थर रोटरवर चढला की पकड एकदम जाणवते, आणि तिथून पुढे लिव्हर बोटापासून किती लांब ठेवायचा हे ठरवायला घ्यावं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर कॅलिपर, अ‍ॅडॅप्टर आणि रोटरचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि होजच्या नटाभोवती टिशू फिरवून तो कोरडा निघतो का बघा.